दिवाळीचे घर आणि कार्तिकीची वाट

आश्विन सरत येतो, पहाटेच्या काकड्याला अंगावर घोंगडी घ्यावीशी वाटते, आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात माळकऱ्यांच्या घरोघर एक प्रश्न उभा राहतो. अमावास्येला लक्ष्मीपूजन, प्रतिपदेला गायगोधन, द्वितीयेला भाऊबीज, आणि तेथून नवव्या दिवशी कार्तिकी एकादशी. मुले सुट्टीत घरी, लेकी माहेरी आलेल्या, पुण्या-नागपुराकडची मंडळी पिशव्या घेऊन उतरलेली, आणि शेतात पऱ्हाटी पांढरी झालेली. अशा वेळी पंढरीस जायचे तर घर कोणी पाहायचे? चूल कोणी पेटवायची? गाईवासरांचे कोण करील? हा प्रश्न बहुधा पुरुष विचारतो, आणि त्याचे उत्तर त्याने आधीच ठरवलेले असते. "ती आहे ना घरी." आज त्या घरी राहणारीविषयी आणि तिच्या चुलीविषयीच चार शब्द बोलावे असे मनात आहे.

कीर्तनाच्या आरंभी आपण जो गजर करतो, त्यात देवाच्याही आधी कोणाचे नाव येते हे ध्यानात आणा. पुंडलिकाचे. चंद्रभागेचे स्नान झाले की पहिले दर्शन, तेही पुंडलिकाचे. असे काय मोठे केले होते त्याने? देव दारात आला तेव्हा हा गृहस्थ आईबापांचे पाय चेपीत बसला होता. उठला नाही, धावला नाही. हाताशी वीट होती ती मागे सरकवली आणि देवाला म्हणाला, जरा थांब, हातचे काम होऊ दे. देव रागावला नाही. विटेवर उभा राहिला तो अजून उभा आहे. आता सांगा, ज्या संप्रदायाचा पायाच घरातल्या एका सेवेवर घातला गेला, त्या संप्रदायाच्या माणसाने घरकामाला 'प्रपंचाची कटकट' म्हणावे, हे शोभते काय?

यावर कोणी आळशी मनुष्य पुढे सरसावेल आणि म्हणेल, "महाराज, मग वारीला जायचेच कशाला? घरीच बसू." नव्हे. असे नव्हे. वारी हा नेम आहे आणि नेम मोडण्यासाठी संतांची नावे घेऊ नयेत. सावता महाराज अरणचे, माढे तालुक्यातले. मळा सोडून ते पंढरीस गेले नाहीत असे परंपरा सांगते, पण ते बसून राहिले नव्हते. मोटेला, खुरप्याला हात लावूनच त्यांनी नाम घेतले. आणि त्याची पावती अशी की त्यांच्या पुण्यतिथीला पंढरपुराहून देवाची पालखी अरणास येण्याची रीत आहे. जो काम टाकून घरी बसेल त्याच्याकडे पालखी कशाला येईल?

असो. मुख्य गोष्ट जनाबाईची आहे. गंगाखेडची ही पोर नामदेवरायांच्या घरी राहिली, आणि दळण, कांडण, सडासारवण, शेण्या वेचणे हेच तिचे आयुष्य. पंढरपुराजवळ गोपाळपुरास जनाबाईचे जाते म्हणून आजही दाखवतात. ही कथा आपण शेकडो वेळा ऐकली, आणि ऐकताना डोळ्यांस पाणीही आणले. पण एक गोष्ट आपल्या कानाआड गेली. देवाने जनीला काय म्हटले? "जने, तुझे दळण हीच भक्ती, तू दळत राहा, मी विटेवर उभा राहून पाहतो," असे म्हटले काय? बरे का, असे म्हणणारे आपण आहोत! देव खाली उतरला, पीतांबर खोचला आणि जात्याचा खुंटा धरला. तिच्याबरोबर शेण्या वेचल्या, पाणी भरले. नाथांच्या घरी तेच. श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी वाहिले, आणि पैठणास नाथषष्ठीला तो रांजण अजून भरतात. म्हणजे घरकाम ही सेवा आहे हे खरे. पण ती सेवा आहे असे ज्याला पटले, तो ती दुसऱ्यावर ढकलीत नाही, स्वतः वाटून घेतो. बायकोला 'तूच आमची जनी' म्हणायचे आणि ओसरीवर पाय पसरून चहा मागायचा, याला कोणत्याही ग्रंथात आधार नाही.

दिवाळीच्या आधीच्या आठ दिवसांत आपल्या भागातल्या बाईचे दिवस कसे जातात, ते पाहा. पहाटे उठून सडा. मग भाकरी बांधून वेचणीला जायचे. सीतादही झाले, शेताला दहीभाताचा नैवेद्य दाखवला, की वेचणी सुरू झाली. मग पाठीला ओटी बांधून दिवसभर वाकायचे. संध्याकाळी परत आले की भिंती पोतेऱ्याने सारवायच्या, भांडी घासायची, गोधड्या धुवायच्या, आणि रात्री चकलीची भाजणी. ज्यांची स्वतःची शेती नाही त्या बाईला तर वेचलेल्या किलोवर मजुरी, म्हणजे एक दिवस घर आवरायला राहिली की त्या दिवसाचे पैसे गेले. आणि इतके करून पाहुणे आल्यावर कोणी तरी म्हणतेच, "यंदा लाडू नाही केले?"

म्हणून म्हणतो, दिवाळीचा स्वयंपाक साधा करा. साधा म्हणजे उणा नव्हे. भगवंताची आवड कशी होती ते पाहा. हस्तिनापुरात दुर्योधनाने पंचपक्वान्नांची ताटे मांडली होती, ती सोडून तो विदुराच्या घरी कण्या खायला गेला. कण्या म्हणजे काय, हे शहरच्या श्रोत्यास सांगावे लागेल. आपल्याकडे सांगावे लागत नाही. ज्वारी जाडीभरडी भरडायची, पाखडून कोंडा काढायचा, पाण्यात मीठ घालून मऊ शिजवायची, वर ताक किंवा दूध. सुदाम्याने नेले ते पोहे. त्याच पोह्यांचा आपला चिवडा होतो: पातळ पोहे उन्हात वाळवून घ्यावेत, थोड्या तेलात शेंगदाणे, डाळे, कढीलिंब, हिरवी मिरची, हळद परतून त्यांत पोहे कालवावेत. पाच माणसांच्या घराला एक किलो पोह्यांचा चिवडा आठ दिवस पुरतो, आणि तळणाच्या मानाने तेल फारच थोडे लागते. द्वारकेच्या राजाने सुदाम्याचे कोरडे पोहे मुठीने खाल्ले, तेव्हा आपला फोडणी दिलेला चिवडा पाहुण्यास कमी वाटेल असे समजू नये.

तळणात एकच पदार्थ करावा, आणि तो अनारसा. वऱ्हाडात दिवाळीला तोच मानाचा. पण तो घाईने होत नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी सावलीत फडक्यावर पसरून, ओलसर असतानाच कुटायचा, बारीक चाळणीने चाळायचा, आणि मग गूळ घालून गोळा दाबून ठेवायचा. पाच-सहा दिवसांनी मुरला की खसखशीवर थापून मंद आचेवर तळायचा, एकाच बाजूने, वर झाऱ्याने तेल उडवीत. यात गूळ जास्त झाला तर काय होते, हे बायांना ठाऊक आहे. अनारसा तेलात 'हसतो'. म्हणजे सगळा फुटून कढईभर पसरतो, हाती काही लागत नाही. गूळ गोड आहे म्हणून वाटेल तितका घालून चालत नाही, आणि जाळ मोठा केला म्हणून लवकरही होत नाही. बुवा लोक साधनेचे दृष्टांत दूरदूरचे आणतात. मला तर हा कढईतला दृष्टांत पुरेसा वाटतो.

बाकीचे ताट शेताने भरावे. दिवाळीला मूग-उडीद घरात आलेला असतो. कोहळे वेलावर असते. त्याची भाजी करा, आणि उरलेल्याचा कीस गुळात शिजवून कणीक घालून बोंडे तळा. (शेतात कापसाची बोंडे आणि ताटात कोहळ्याची, आमच्या भागाला ही शोभा आहे.) अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, गोळाभात, कढी. पाहुणा शहरातून येतो तो यासाठी येतो. त्याला त्याच्याच शहरातल्या दुकानाची मिठाई डब्यात घालून देणे हा कसला पाहुणचार? आणि चातुर्मासात ज्यांनी कांदा-लसूण-वांगे सोडले आहे, त्यांना तर कार्तिकीपर्यंत या साध्या भाज्यांचाच आधार. तांड्यांवरची दिवाळी पाहा. बंजारा समाजाच्या मुली हातात दिवे घेऊन दारोदार 'मेरा' गाण्यास जातात. ओवाळणीचा हात आणि तेलाची पणती, सण साजरा झाला.

आता जे बोलायचे ते थोडे कडू आहे, पण बोलले पाहिजे. दिवाळी येते तेव्हा कापूस अर्धा झाडावर असतो. हाती आलेली पहिली रक्कम बी-खताच्या उधारीत जाते. पण मुलांना कपडे हवेत, लेक-जावयाला आहेर हवा, भाऊबिजेला साडी हवी, शेजाऱ्याने फटाके आणले म्हणून आपल्यालाही हवेत. मग व्याजाने पैसे. दिवाळी चार दिवसांची, व्याज बारा महिन्यांचे. आपल्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर गेले. १ जुलै २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची घोषणा केली, त्यांत यवतमाळ होता. मी असे म्हणत नाही की सणाच्या खर्चाने ही आपत्ती आली. पाऊस, भाव, बियाणे, बँकेची दारे, यांतले पुष्कळ आपल्या हातात नाही, आणि दुःखी घराला 'तुम्ही उधळलेत' असे म्हणणे हे पाप आहे. पण कढईत काय घालायचे एवढे तरी आपल्या हातात आहे ना?

गाडगे महाराज आपल्या शेजारच्याच मुलखातले. २३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यात शेंडगावी जन्म, आणि दापुरे गावी मामाकडे वाढले. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात कशी गेली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे मुलीचे बारसे आले. जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाचे जेवण घालायचे, पैसे नसले तर कर्ज काढायचे. डेबूजींनी तसे केले नाही, पंगतीला गोडाचे साधे जेवण वाढले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. भाऊबंद पानावरून उठतील अशी भीती त्यांनाही घातली गेली असणारच. पुढे आयुष्यभर, १९५६ च्या २० डिसेंबरला देह ठेवीपर्यंत, ते कीर्तनात हातात खराटा धरून हेच सांगत राहिले की सणासाठी कर्ज काढू नका, आणि तो पैसा मुलांच्या शिक्षणाला लावा. आणि तुकोबाराय? घराण्यात सावकारी होती. इ. स. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली पत्नी अन्नावाचून गेली. त्यानंतर आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. लोकांच्या कर्जाचे कागद ज्यांनी नदीत टाकले त्यांचे नाव घेणारे आपण, त्यांच्याच नावाने सण करण्यासाठी नवे कागद करून देतो!

लेकीचे माहेरपण हा यातला नाजूक भाग. रुक्मिणीमाता ही आपल्या विदर्भाची लेक. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर हे तिचे माहेर, आणि तीच वर्धा पुढे आपल्या बाभूळगाव, राळेगाव, वणीच्या बाजूने वाहते. कौंडण्यपुराहून आषाढीला तिची पालखी पंढरीस जाते, इ. स. १५९४ पासूनची ही परंपरा असे सांगतात. म्हणजे लेकीला भेटायला माहेर चालत जाते. ती माउली रुसून दिंडीरवनात बसली, तेव्हा द्वारकेचे वैभव तिला नको होते. मायेचा शब्द हवा होता. आपली लेक दिवाळीला येते ती काय साडीसाठी येते? सासरी वर्षभर सगळ्यांच्या आधी उठणारी ती पोर माहेरी दोन दिवस उशिरा उठावी म्हणून येते. तिला गरम भाकर कोणी तव्यावरून थेट ताटात वाढावी म्हणून येते. हे द्यायला सावकार लागत नाही. मात्र लेकीला विश्रांती आणि सुनेच्या पाठीवर तिचेही काम, असे होऊ देऊ नये. सूनही कोणाची लेक आहे, आणि तिलाही भाऊबिजेला भावाकडे जायचे असते. त्या दिवशी चूल सासऱ्याने आणि मुलाने सांभाळावी. पिठले आणि भात पुरुषालाही करता येतो. दिंडीत रांधतात ते पुरुषच असतात की! वारीत ज्याला शंभर माणसांचा भात शिजवता येतो, त्याला घरी पाच माणसांचा येत नाही, हे कसे?

घर राखण्याविषयी दोन गोष्टी केवळ आपल्या भागापुरत्या सांगतो. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीची पूजा करतो, ते उत्तमच. पण ज्या घरात खोलीभर कापूस साठवला आहे, अंगणात कुटार आणि कडबा रचला आहे, त्या घरात पणती कुठे ठेवायची याचा विचार पूजेच्या आधी करावा. कापसाच्या खोलीच्या उंबऱ्यावर दिवा लावू नये. पणती ताटात वाळू घालून त्यात ठेवावी. कुटाराच्या बाजूला पोरांना फटाके लावू देऊ नयेत, आणि पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवाव्यात. निजण्यापूर्वी कापसाजवळचा एकही दिवा जळत नाही ना, हे घरच्या कर्त्याने स्वतः फिरून पाहावे. वर्षाचे पीक एका ठिणगीचे धनी होते. कापूस आणि अंथरूण एका खोलीत असले की लेकरांच्या अंगाला खाज सुटते, तेव्हा चार दिवस पाहुणे असताना तरी त्यांची निजण्याची जागा वेगळी करावी.

दुसरे, फवारणीच्या औषधाचे डबे. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरण्यासारखे नाही. तरी अजून दिवाळीच्या साफसफाईत रिकामा डबा दिसला की 'चांगला आहे, धुऊन घेऊ' म्हणून तो तेलाला, पाण्याला वापरला जातो. तो कितीही धुतला तरी स्वयंपाकघरात आणू नये. भरलेले डबेही माजघरात, फडताळात नकोत. घराबाहेर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी कुलूप लावून ठेवावेत. ज्या चुलीपुढे आपण देवाला नैवेद्य दाखवतो, तेथे विषाचे भांडे असू नये, इतके साधे हे सोवळे आहे. बाकीच्या सोवळ्याओवळ्याचा वाद पंडितांनी घालावा.

मुलांना सुट्टी आहे, त्यांच्याकडे काही काम सोपवा. नामदेवरायांचे वडील दामाशेटी गावाला गेले, आणि घरचा नैवेद्य पोराच्या हाती आला. आईने विश्वासाने ताट दिले. पोराने ते देवापुढे ठेवले आणि देव जेवत नाही म्हणून रडला, अखेर देवाला जेवावे लागले. घराचे एक काम लहान मुलावर निर्धास्त टाकले, त्यातून काय झाले पाहा! आपण मात्र पोरांना 'तू राहू दे, सांडशील' म्हणून हाकलतो, आणि मग ती दिवसभर मोबाइल पाहतात. मुलगा असो, मुलगी असो, दहा वर्षांच्या लेकराला तुळशीला पाणी, गोठ्यात चारा, संध्याकाळचा दिवा आणि पंगतीला पाणी वाढणे, एवढे सहज जमते.

आता मूळ प्रश्न. कार्तिकीला कोणी जावे? माझे म्हणणे असे की घराने पाळी लावावी. यंदा सासू, पुढल्या वर्षी सून, त्यानंतर तिचा नवरा. ज्या घरातून वीस वर्षे एकच मनुष्य जातो आणि त्याची बायको वीस वर्षे फक्त त्याची पिशवी भरते, त्या घराच्या वारीचा हिशेब चंद्रभागेच्या वाळवंटात कोण तपासत असेल, याचा त्याने विचार करावा. खर्चाची सबब आता फारशी उरली नाही. मार्च २०२३ मध्ये एस. टी.त महाराष्ट्रातल्या स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत सुरू झाली. अडते ते 'घर कोण पाहील' या एकाच ठिकाणी. तर पुरुषाने म्हणावे, "मी पाहतो." आठ दिवस भाकरी थापावी, वाकड्या झाल्या तर वाकड्या खाव्यात, गाईचे दूध काढावे, वेचणीच्या बायांचा हिशेब ठेवावा, पहाटे काकड्याला देवळात जाऊन यावे. शेजारधर्मही आहे, दोन घरांनी मिळून एक माणूस राखणीला ठेवला की दोन घरांच्या बायका मोकळ्या होतात.

जो घरी राहील त्याने एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी करावी, रात्री हरिपाठ म्हणावा. द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्ने आहेत. ऊस, चिंच, आवळा शेतातलाच आणावा आणि शेजारच्या चार लेकरांना चिवड्याची मूठ द्यावी. आणि जी पंढरीहून येईल तिने बुक्का आणि लाह्यांचा प्रसाद आधी त्याच्या हातावर ठेवावा, मग गावात वाटावा. पुढल्या कार्तिकीला कोण जाणार, हे त्याच संध्याकाळी ठरवून टाकावे, म्हणजे ज्याची पाळी असेल त्याला वर्षभर तयारी करता येईल.